कायद्याच्या लेखी गाडी नाही

आमच्या मामंजींनी उभ्या आयुष्यात लायसन काढलं नाही आणि दंडही भरला नाही. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान. गंगापूरकडच्या आमच्या गावात ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, जे हाताला लागेल ते त्यांनी चालवलं आणि कुणी अडवलं की एकच वाक्य टाकलं, "लावा फोन." कुणाला लावायचा ते अडवणाऱ्यानं ठरवायचं. सभापतींना लावा, फौजदाराला लावा, पलीकडून "अरे, कारभारी पाटील का? सोडा, सोडा त्यांना" असंच उत्तर यायचं. मग अडवणाराच चहा पाजायचा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला पहिल्या आठवड्यात देवघर दाखवलं आणि दुसऱ्या आठवड्यात या गोष्टी ऐकवल्या.

आता सासूबाईंच्या गुडघ्यांमुळं दोघं शहरात, बजाजनगरला आमच्याकडं राहतात. माझा नवरा सत्यम वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. मी औरंगपुऱ्यात एका वकिलांकडं टायपिंगला जाते. शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं दिलेलं. घरात सगळं आहे, फक्त "या पाटील" म्हणणारं कुणी नाही. लिफ्टमध्ये लोक मामंजींना "अंकल, कितवा मजला?" विचारतात. पहिल्यांदा कुणीतरी अंकल म्हणालं तेव्हा ते मागं वळून बघायला लागले, दुसरं कोण उभं आहे म्हणून.

"या पाटील" ऐकायला मिळायचं ते गुरुवारी, छावणीच्या बाजारात. जनावरांचा बाजार. मामंजींकडं आता दावणीला शेळीसुद्धा नाही, पण गुरुवार आला की पांढरं धोतर, टोपी, आणि मोटारसायकलवर छावणी. तिथं आमच्या भागातले शेतकरी येतात, हेडे म्हणजे जनावरांचे दलाल येतात. कुणाचा बैल विकायला आला की त्याच्या तोंडात हात घालून दात बघ, शेपटी उचल, "खांदा धरील का रं हा?" विचार. त्यांनी नाक मुरडलं की भाव पडतो म्हणे. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं, तेव्हा त्यातलं निम्मं धरा. पण बाजारातून परत आलेला माणूस दोन घास जास्त जेवायचा, हे मात्र मी स्वतः वाढलेलं आहे.

मागच्या वर्षी वाळूजच्या रस्त्यावर त्यांची मोटारसायकल दुभाजकावर चढली. पायाला प्लास्टर. दवाखान्याचा फोन सत्यमला गेला, तो शिफ्ट सोडून पळत आला, आणि प्लास्टर सुकायच्या आत त्यानं मोटारसायकल विकून टाकली. पाय बरा झाला, पण गुरुवारी धोतर नेसून ते गॅलरीत बसायला लागले. खाली कुणाची गाडी निघाली की मान वळवायची, एवढंच. बसनं जा म्हटलं तर म्हणाले, "बसमधी कंडक्टर म्हणतो, म्हातारबा, सरका फुडं. म्या नाय सरकत."

मला हे बघवेना. खरं सांगायचं तर मला राग यायचा, त्यांचाही आणि सत्यमचाही. मग वकीलसाहेबांच्या एका पक्षकारासाठी मी विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे नियम टाईप करत होते, त्यात मला ते सापडलं. मोटार अडीचशे वॅटच्या आतली, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतला, आणि तसं मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असेल, तर त्या गाडीला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, नोंदणी नाही, विमा नाही. मी त्याच दिवशी घरी येऊन सत्यमशी भांडले. तो म्हणाला, "लायसन काढू की त्यांचं." मामंजी आतून ओरडले, "मला परीक्षा? त्या काँप्युटरम्होरं बसवून?" झालं. शेवटी सत्यम कबूल झाला, पण अट घालूनच. त्यानं ती मामंजींच्या समोर, सासूबाईंच्या समोर, मोठ्यानं सांगितली, "दादा, मला पोलिसाचा नायतर दवाखान्याचा एक फोन आला, एकच, की त्याच दिवशी गाडी विकली म्हणून समजा."

"माझ्यापायी तुला कवा पोलिसाचा फोन आला?" मामंजी म्हणाले. खरं होतं. फोन नेहमी दुसऱ्यांनाच जायचे.

गाडी आली. निळी, पुढं टोपली असलेली. सासूबाई आवडाबाई ताट घेऊन खाली आल्या आणि पुढून मागून गाडीला फेरी मारून म्हणाल्या, "कुंकू कुठं लावू? हिला नंबरच नाय." आमच्याकडं नंबरच्या पाटीवर स्वस्तिक काढतात. मी शहाणपणानं म्हणाले, "आत्या, हिला नंबर लागतच नाही. कायद्याच्या लेखी ही गाडीच नाही. सायकलीसारखीच समजायची."

मामंजींनी झटकन माझ्याकडं बघितलं. मी जीभ चावली. पण बोलून गेले ते गेलेच.

"मंग म्या कशावर बसलोय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी टोपलीला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "बसा गपगुमान. भाजी आणायला बरी हाय." त्यांची थट्टा नेहमीचीच, पण त्या दिवशी तीही झोंबली असणार.

तरी गुरुवार परत सुरू झाले. पंचवीसच्या आतल्या वेगानं बजाजनगर ते छावणी म्हणजे सकाळी न्याहारी करून निघायचं आणि बाजाराचा पहिला चहा संपल्यावर पोचायचं. सायकलवाली पोरं त्यांना ओलांडून जायची, आणि वर "बाबा, चार्जिंग संपली का?" विचारायची. मी हेल्मेट घेऊन दिलं होतं. नियमानं लागत नसेल, पण डोकं तर डोकंच आहे ना. ते हँडलला लटकायचं. म्हणायचे, "त्याच्यात तोंड झाकलं की माणूस वळखू कसा यायचा?" यावर मी भांडून भांडून थकले. शेवटी सासूबाईंनी पोळ्या लाटणं बंद करायची धमकी दिली तेव्हा घालायला लागले.

एका गुरुवारी बस बंद होत्या, म्हणून मी त्यांच्या मागं बसले. दोन माणसांचं ओझं त्या गाडीला झेपत नव्हतं. चढावर मी उतरून चालत गेले आणि वर त्यांची वाट बघत उभी राहिले. नगर नाक्यावर एका पोलिसानं हात केला. तरुण पोरगा होता, छातीवरच्या पट्टीवर राजकुमार नाव.

मामंजींचा चेहरा खुलला. किती दिवसांनी कुणीतरी अडवलं होतं. त्यांनी हेल्मेट काढलं, टोपी सरळ केली आणि खिशातून मोबाईल काढून पुढं धरला. "लावा फोन."

"कुणाला, बाबा?"

"तुमच्या सायबाला लावा. सांगा कारभारी पाटील हायेत म्हणून."

राजकुमार वाकून गाडीची मोटार बघत होता. त्यानं मागचा शिक्का वाचला, मला प्रमाणपत्र विचारलं, मी डिकीतून काढून दाखवलं. "हां, ठीक आहे. जा बाबा. तुमच्या गाडीला काही लागत नाही."

"असं कसं? म्या कोण हाय ते तर इचारा."

"कुणी पण असलं तरी लागत नाही, बाबा. ते बघा, त्या पोरीला पण सोडलं ना?" शेजारून एक शाळेची पोरगी तसल्याच गुलाबी गाडीवर वेणी उडवत निघून गेली. तिच्यामागं तसल्याच गाडीला मेथीच्या जुड्या बांधलेला एक भाजीवाला. "चला, मागं गर्दी होतीय."

मामंजी हलेनात. मागचे हॉर्न वाजवायला लागले. "लावा तर फोन," ते परत म्हणाले, आणि यावेळी आवाज जरा खाली आला होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं त्यांनी गाडी सुरू केली.

छावणी आली. मी उतरत होते तेव्हा ते म्हणाले, "सोडतात कुणालाबी. त्यात काय ऱ्हायलं?" मी म्हणाले, "मामंजी, नियमात बसता म्हणून सोडलं. चांगलंच आहे की." त्यावर त्यांनी मला जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, "नियमात तर मेथीवालाबी बसतो."

त्यानंतर त्यांनी काय केलं ते मला फार उशिरा कळलं. मी नियम सांगणारी, तेव्हा मला कोण सांगणार? आमच्या कोपऱ्यावर बन्सीचं गॅरेज आहे. हा बन्सी म्हणजे दुरुस्तीला आलेली गाडी आणखी दोन दुखणी घेऊन परत पाठवणारा. त्यानं मामंजींना सांगितलं, "पाटील, या गाडीचा वेग कंपनीनं वायर लावून बांधलेला असतो. एक वायर काढली की हवा से बात. सगळेच काढतेत." मामंजींनी काढायला लावली. गाडी पंचेचाळीसनं पळायला लागली. बन्सीनं वर, नोंदणी केलेल्या विजेच्या गाड्यांना असते तसली हिरवी पाटी करून दिली, पुढं आणि मागं. नंबर कुठला घालणार? मामंजींनी त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहून घेतलं, "पाटील". सासूबाईंना मात्र पाटी फार आवडली. त्यांनी लगेच स्वस्तिक काढून घेतलं.

मला पाटी दिसली. मी म्हणाले, "मामंजी, हे काढा. ज्याला काही लागत नाही त्याला कशाला पाटी? उगीच डोळ्यात भरेल."

"डोळ्यात भरावी म्हणूनच लावलीय," ते म्हणाले.

वायरीचं मला ठाऊक नव्हतं. पंचवीसच्या वर गेलेली गाडी कायद्याच्या लेखी गाडी होते. मग तिला लायसन, नंबर, नोंदणी, विमा, सगळं लागतं. काही न लागणाऱ्या गाडीवर बसलेला माणूस एका वायरीत चार गुन्ह्यांवर जाऊन बसतो. हे मी त्यांना समजावलं असतं तर ते खूशच झाले असते, असं आता वाटतं. त्यांना तेच हवं होतं. गाडी गाडी व्हायला हवी होती.

पुढची गोष्ट मी तिथं नसताना घडली, पण ती मी इतक्यांदा ऐकली आहे की मला तोंडपाठ आहे. गुरुवार होता. मामंजी नगर नाक्यावरून छावणीकडं वळले ते जोरात. एका पोलीसबाईनं शिटी मारली. थांबले. तिनं गाडीचा वेग पाहिला होता, पाटी पाहिली. "लायसन?" नाही. "नंबर?" तिनं पाटीकडं बोट केलं. "हा काय नंबर झाला का?" मामंजींनी हेल्मेट काढलं आणि आयुष्यभराचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

त्याआधीच ती म्हणाली, "पाटील? कारभारी पाटील ना तुमी?"

आणि भर चौकात, टोपी सांभाळत, वाकून पाया पडली.

तिचं नाव सुकेशनी. मुंजाबाची मुलगी. मुंजाबा म्हणजे दरवर्षी सुगीनंतर मेंढरं घेऊन आमच्या गावाकडं येणारा धनगर. आमच्याकडं त्या दिवसांत मेंढरं शेतात बसवतात, रात्रभर त्यांचं खत पडतं, आणि शेतकरी धनगराला धान्य देतो. मुंजाबाचा तळ कायम मामंजींच्या शेतात. एकदा त्याची मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली आणि ग्रामपंचायतीनं सगळी कोंडवाड्यात घातली. दंड भरून, पावती घेऊन सोडवायची. मुंजाबाकडं होतं काय? मामंजी कोंडवाड्यावर गेले, दोघा-तिघांना हाका मारल्या, आणि मेंढरं पावतीशिवाय बाहेर. सुकेशनी तेव्हा लहान होती, बापाचं बोट धरून उभी होती.

"माझा बाप मरेपर्यंत सांगायचा," ती म्हणाली, "की पाटलांनी माझी मेंढरं पावती न करता सोडवली."

मामंजी सांगतात, त्यांना तेव्हा चौक दिसेना झाला. डोळे भरून आले म्हणून. ते असलं कधी कबूल करत नाहीत, पण हे करतात.

मग सुकेशनी म्हणाली, "पाटील, नियमानं बघितलं तर मला पावती करावी लागंल. दंड भरायचा, गाडीचा वेग होता तसा करून घ्यायचा, पाटी काढायची आन् गाडी न्यायची. पण तुमच्याकडून म्या दंड घेऊ व्हय? माझा बाप वरून काय म्हणंल? तुमी सावलीत बसा. पण अशी गाडी चालवूबी देता येत नाय, घरी फोन करते. उन्हात ढकलत कुठं नेताव? पोरगं येईल घ्यायला."

आणि मामंजींनी, सांगताना त्यांचा आवाज आजही इथं चढतो, छाती पुढं काढून म्हटलं, "लावा फोन. माझा पोरगा कंपनीत सुपरवायझर हाय." नंबर स्वतः सांगितला. एकेक आकडा, मोठ्यानं.

सत्यमला फोन आला तेव्हा तो लाईनवर होता. "वाहतूक पोलीस बोलतेय, नगर नाक्यावरून," एवढं ऐकल्यावर तो फोन कानाला तसाच धरून गेटकडं पळत सुटला. मागच्या वेळी दवाखान्यातून असाच फोन आला होता. पुढचं तिनं कितीही आदरानं सांगितलं तरी त्याच्या कानात शिरलं नाही. तो नाक्यावर पोचला तेव्हा मामंजी झाडाखाली खुर्चीवर बसले होते, हातात चहा, आणि दोन पोलीस उभे राहून त्यांच्याकडून बैलाचे दात कसे बघायचे ते ऐकत होते. सत्यम सांगतो, त्यांना असं खुशीत त्यानं गावात शेवटचं बघितलं होतं. तरी तो तिथंच ओरडला. पंचेचाळीस! त्या पायानं! बाहेरून हायवेचे ट्रक!

गाडी त्याच दिवशी विकली. बन्सीनंच घेतली, पाटीसकट. मी भांडले. म्हणाले, वायर जोडून घेऊ, मी स्वतः चावी सांभाळीन. सत्यम म्हणाला, "एकच फोन म्हटलं होतं, मोनिका. मी दुसरा ऐकायला जिवंत राहणार नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बापाला वाचवायला निघालेल्या माणसाशी किती भांडणार? दोघांचंही खरं होतं, हेच मला सहन झालं नाही.

मामंजींना आठवडाभर काही वाटलंच नाही. सगळ्या बिल्डिंगला गोष्ट सांगून झाली. लिफ्टमध्ये, जिन्यात, दूधवाल्याला. "पोलीसबाईनं वळखलं. भर चौकात पाया पडली. एक पावती केली नाय!" आता अंकल म्हणणारे लोक पाटील म्हणायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "घ्या, शहरातबी फोन चालला तुमचा." ते खुदकन हसले.

मग गुरुवार आला. धोतर नेसून ते गॅलरीत बसले. मी ऑफिसला निघाले होते, डबा घ्यायला आत आले तर ते खाली रस्त्याकडं बघत होते. ती शाळेची पोरगी असावी, किंवा तसलीच दुसरी, तिच्या पंचवीसच्या गाडीवर आमच्या फाटकासमोरून गेली. हळू, अगदी रमतगमत.

"मोनिका," ते म्हणाले, "त्या पोरीनं पावती केली असती तर?"

मला कळलं ते सुकेशनीबद्दल विचारतायत. "तर दंड भरला असता, मामंजी. बन्सीनं वायर जोडली असती. गाडी घरी आली असती."

"आन् सत्यमला?"

"त्याला कळायचं काय कारण होतं? पावतीचा मेसेज माझ्या मोबाईलवर आला असता. तुमच्या सगळ्या कागदांवर माझाच नंबर आहे."

"तू सांगितलं नसतं?"

"नसतं."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. मी बस चुकवली तरी चालेल असं ठरवून दारात उभी राहिले. ते माझ्याकडं न बघता म्हणाले,

"म्हणायला पायजे व्हतं तिला. तो पाटील मी नाय म्हणून."